दंडाविना हेल्मेट : जपानचा धडा आणि आपल्या सायकली

सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाने, मग त्याचे वय काहीही असो, हेल्मेट घालण्याचा प्रयत्न केला पाहिजे, अशी तरतूद जपानच्या रस्ते वाहतूक कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. 'प्रयत्न केला पाहिजे' हे शब्द जाणीवपूर्वक योजलेले आहेत. हेल्मेट घातले नाही म्हणून तेथे दंड होत नाही, पोलिस सायकल अडवीत नाहीत, गुन्हाही नोंदला जात नाही. यापूर्वी ही अपेक्षा तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांपुरती मर्यादित होती. ती आता सर्वांवर आली, एवढाच बदल. ज्याच्यामागे दंडुका नाही तो कायदा पाळणार कोण, हा आपल्याकडे सहज विचारला जाणारा प्रश्न तेथेही विचारला गेला.

त्याचे पहिले उत्तर तीन महिन्यांत आले. जुलै २०२३ मध्ये जपानच्या राष्ट्रीय पोलिस यंत्रणेने देशभर पाहणी केली, तेव्हा हेल्मेट घालणाऱ्यांचे सरासरी प्रमाण अवघे १३.५ टक्के निघाले. निराश व्हावे असाच हा आकडा. मात्र प्रांतवार तक्ता पाहिला की चित्र पालटते. एहिमे प्रांतात हे प्रमाण ५९.९ टक्के होते, तर निगाता प्रांतात २.४ टक्के. पुढल्या वर्षीच्या पाहणीत सरासरी १७ टक्क्यांवर गेली. एहिमे ६९.३ टक्क्यांवर पोहोचला आणि ओसाका ५.५ टक्क्यांसह तळाला राहिला. देश एक, कायदा एक, दुकानांत मिळणारी हेल्मेटेही तीच. असे असताना एका प्रांतात दहापैकी सात जण हेल्मेट घालतात आणि दुसऱ्यात वीसपैकी एक, याचे कारण कायद्याच्या कलमात सापडणार नाही.

एहिमे हा शिकोकू बेटावरचा प्रांत. पूल आणि बेटे यांवरून जाणारा, होन्शूतील ओनोमिची आणि एहिमेतील इमाबारी यांना जोडणारा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी सायकलमार्ग जगभरच्या हौशी सायकलस्वारांना माहीत आहे. सायकल हा या प्रांताच्या अभिमानाचा आणि पर्यटनाचाही विषय आहे, त्यामुळे सायकलस्वाराच्या डोक्याची काळजी करणे हे तेथील प्रशासनाला सायकलविरोधी वाटले नाही. तरीही खरी कलाटणी दिली ती शाळांनी. शाळकरी मुलांच्या जीवघेण्या अपघातांनंतर २०१५ मध्ये एहिमेतील प्रांतिक उच्च माध्यमिक शाळांनी सायकलीवरून शाळेत येताना हेल्मेट घातलेच पाहिजे असा नियम केला. नियमापाठोपाठ सरकारने विद्यार्थ्यांच्या हाती हेल्मेटेही दिली, तीही विनामूल्य.

हे वय नेमके हेरलेले आहे. जपानच्या ग्रामीण भागात माध्यमिक शाळेतील मुले शाळेच्या नियमानुसार गोल पांढरे हेल्मेट घालून सायकल चालवितात. उच्च माध्यमिक शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवशी ते अडगळीत पडते, कारण ते लहान मुलांचे आणि गावंढळ दिसते. केस विस्कटतात ही तक्रार वेगळीच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला डोके फुटण्याचे भय नसते, मित्रांत हसे होण्याचे मात्र असते. अख्खा वर्गच हेल्मेट घालून येऊ लागला की हसणारा कोणी उरत नाही. ज्या मुलांनी २०१५ मध्ये कुरकुरत ते डोक्यावर ठेवले, ती आज पंचविशीत आहेत. २०२३ चा कायदा आला तेव्हा एहिमेत त्याचे काम अर्धेअधिक झालेले होते. इतर अनेक ठिकाणी त्या वसंतात दुकानांतील हेल्मेटे संपली, पालिकांनी खरेदीसाठी अनुदाने जाहीर केली. सवयीचा साठा मात्र कोणत्याही दुकानात नव्हता.

हेल्मेटाचा मुळात उपयोग किती, यावर सायकलप्रेमींतच मोठा वाद आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी असलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीने मृत्यू येण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी कमी आढळली. हे मोठे आकडे आहेत. तथापि युरोपीय मानकानुसार सायकल हेल्मेटची आघातचाचणी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाच्या धडकेची असते, हेही विसरता येत नाही. आतला फोमचा थर एकदा चेपला की त्या हेल्मेटचे आयुष्य संपते. खड्ड्यात चाक अडकून पडणाऱ्याला ते वाचवील, पण भरधाव ट्रकखाली आलेल्यापुढे त्याची मात्रा चालत नाही.

सक्तीचा मार्ग ऑस्ट्रेलियाने चोखाळला. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० रोजी सर्व वयोगटांसाठी सक्ती लागू झाली आणि वर्षभरात हेल्मेट वापरणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले. डोक्याच्या दुखापती घटल्या, पण किशोरवयीन मुलामुलींचे सायकल चालविणेही लक्षणीय घटले. त्या घटीचा वाटा नेमका किती, यावर तेथील अभ्यासक आजही भांडतात. मेलबर्नची सार्वजनिक सायकल योजना २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये गुंडाळली गेली, तेव्हा अपयशाच्या कारणांत हेल्मेटसक्तीचे नाव पुढे होते. अमेरिकेत सिएटल शहर ज्या किंग काउंटीत येते, तेथील आरोग्य मंडळाने १९९३ पासूनची सक्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये मागे घेतली. कारण विचार करायला लावणारे आहे. दंडाच्या पावत्यांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांतील निम्म्याच्या आसपास बेघरांच्या नावावर निघाल्या, आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांना गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास चौपट प्रमाणात दंड झाला होता. ज्यांच्यापाशी हेल्मेट विकत घ्यायला पैसे नव्हते, त्यांच्याकडूनच हेल्मेट नाही म्हणून पैसे घेतले जात होते. उलट डेन्मार्कने सक्ती केलीच नाही. शाळा, पालक आणि सातत्याचा प्रचार यांच्या बळावर तेथील हे प्रमाण २००४ मधील सुमारे ६ टक्क्यांवरून निम्म्याच्या घरात गेले. त्याला पंधरा-वीस वर्षे लागली.

आपल्याकडे 'हेल्मेट' म्हटले की चर्चा मोटारसायकलीची होते, आणि ते स्वाभाविकही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावले. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ त्यांच्यासाठी आहे. ते पाळायचे की नाही, यावर पुण्यात काय रणकंदन झाले, हे वाचकांना सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये जोरात सुरू झालेली मोहीम लोकप्रतिनिधींच्या विरोधापुढे काही महिन्यांतच सैल पडली. या गदारोळात सायकलस्वार मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्याच अहवालात २०२२ मध्ये मरण पावलेल्या सायकलस्वारांची संख्या सुमारे ४,८०० आहे, म्हणजे दिवसाला तेरा. कलम १२९ त्यांना लागू नाही, आणि ते लागू करावे अशी मागणीही करू नये. पन्नास हजार मृत्यूंनंतरही जी सक्ती मोटारसायकलस्वारांवर टिकत नाही, ती सायकलवाल्या गवंड्यावर मात्र हमखास टिकेल, आणि सिएटलची पुनरावृत्ती होईल.

सायकल हेल्मेटविषयीची वृत्ती आपल्याकडे बदलली आहे, पण ती एका वर्गात. रविवारी सकाळी सिंहगड पायथ्याकडे किंवा लोणावळ्याकडे निघणाऱ्या हौशी मंडळींत हेल्मेटावाचून कोणी दिसला तर सोबतीच त्याला टोकतात. त्यांच्या शेजारून त्याच रस्त्याने पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, डबा लटकावलेला कामगार उघड्या डोक्याने जात असतो. सायकल ज्याची हौस, त्याच्यासाठी हेल्मेट हा पोशाखाचा भाग झाला. ज्याची ती गरज, त्याला हेल्मेट आपल्यासाठी असते असे वाटतच नाही.

या दुसऱ्या वर्गात हजारो शाळकरी मुलीही आहेत आणि त्यांच्या सायकली सरकारनेच दिलेल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाह्य मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. एसटीची वाट पाहत किंवा पायपीट करीत शिक्षण सोडणाऱ्या मुलींसाठी ही योजना किती मोलाची आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु त्यांची वाट अनेकदा राज्यमार्गाच्या कडेने, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि वाळूच्या ट्रकांच्या संगतीने जाते. येथे पहिली गरज रुंद साइडपट्टीची आणि वेगाला आवर घालण्याची आहे. हेल्मेट त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र साइडपट्टी होईपर्यंत मुलगी रोज सायकलीवरून पडू शकते, हेही तितकेच खरे.

एहिमेतील शाळांनी केले ते येथे करता येण्याजोगे आहे. नियम शाळेचा असावा, पोलिसांचा नको, आणि हेल्मेटाशिवाय आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभे करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये. तसे झाले तर सायकलच घरी राहील. पाच हजारांतून हेल्मेट घ्या असे सांगितले तर सायकल तरी हलकी येईल किंवा हेल्मेट तरी नावापुरते. त्यामुळे त्याची तरतूद सायकलीच्या रकमेपासून वेगळी हवी. वेणी घातलेल्या डोक्यावर बसेल असे माप आणि उन्हाळ्यात वारा खेळेल अशी रचना हवी, अन्यथा पहिल्या आठवड्यात ते सायकलीच्या हँडलला लटकलेले दिसेल. माप शाळेतच घेतले जावे आणि हनुवटीचा पट्टा कसा बांधायचा तेही तेथेच दाखविले जावे, कारण सैल पट्ट्याचे हेल्मेट पडणाऱ्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते.