बीटा आवृत्ती कोणी वापरावी?

सोलापुरी चादर तुमच्या परिचयाची आहेच. तिच्यावरची नक्षी जॅकार्ड मागावर उतरते. पारंपरिक पद्धतीत नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात, आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे वर उचलले जातात. एक भोक चुकले की ती चूक प्रत्येक चादरीत उमटणार! म्हणून नव्या पट्ट्यांवर आधी थोडे कापड विणून पाहणे शहाणपणाचे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या साधनांचेही असेच असते. त्यांच्या नमुन्यादाखल काढलेल्या आवृत्तीला ‘बीटा’ म्हणतात. पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. २०२० पासून तिची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास निघते. तिच्या आधी काही महिने ‘अल्फा’ आवृत्त्या येतात. त्यांत नव्या सोयींची भर पडत असते. ‘बीटा’ सुरू झाली की भर घालणे थांबते आणि फक्त दोष काढले जातात. ही आवृत्ती नेहमीच्या कामासाठी वापरू नका, असे पायथनचे कर्तेच बजावतात. आणि ती तपासून दोष कळवा, अशी विनंतीही तेच करतात.

“सर, नवी बीटा आली आहे, घालू का?” असे विद्यार्थी विचारतात. मी उलट विचारतो, “तिच्यावर काय करणार? आणि बिघडले तर मागे येता येईल का?” आमच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात बीटा घातली. पायथन चालले, पण आकडेमोडीचे ‘नमपाय’ हे जोडसाधन काही केल्या बसेना. कारण साधे होते. अशा जोडसाधनांचा काही भाग सी भाषेत लिहिलेला असतो. नव्या आवृत्तीसाठी तो तयार करून ठेवलेला नसेल, तर आपल्या यंत्रावर नव्याने घडवावा लागतो. त्याला लागणारा कंपायलर त्या मुलाच्या संगणकावर नव्हता. लंबकाची निरीक्षणे उत्तम होती, पण आलेख निघेना. दोन दिवस वाया गेले.

यावरून ‘जुने तेच बरे’ असे कोणी म्हणेल, तर ते मला मुळीच मान्य नाही. टर्बो सी १९८७ साली निघाले. आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत त्याची निळी चौकट पुढे अनेक वर्षे तशीच राहिली. त्यात साध्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जाता येत नाही. गुरुत्वत्वरण ९८० सें.मी. प्रति सेकंद वर्ग घ्या आणि ४० सेकंदांनी गुणा. उत्तर ३९२०० हवे. मिळते उणे २६३३६! हा त्या साधनाचा दोष नव्हे, त्या काळच्या यंत्रांना ते साजेसेच होते. पण आज मुलांना तेच शिकवणे ही सावधगिरी नसून आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा प्रात्यक्षिकाची वही, परीक्षा, प्रकल्प यांसाठी स्थिरावलेली आवृत्ती वापरावी, आणि तीही एक-दोन दुरुस्त्या होऊन गेलेली. बीटा सुट्टीत, वेगळ्या फोल्डरमध्ये, निरीक्षणांची नक्कल घेऊन चालवावी. पायथनच्या दोन आवृत्त्या एका संगणकावर सुखाने नांदतात.

मात्र चालवावी जरूर. हे काम पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांचे आहे, असे समजू नका. शाळेतला जुना संगणक, फायलीला दिलेले मराठी नाव, मराठी अक्षरांतला मजकूर, अशी परिस्थिती साधन घडवणाऱ्यांपुढे असेलच असे नाही. ती तुमच्यापुढे रोज असते. फक्त दोष कोणता आणि नियम कोणता, हे आधी पाहावे. ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी पायथनला विचारा. ते ४ नव्हे, ७ सांगते. हा दोष नाही. तीन मात्रा तेथे स्वतंत्र मोजल्या जातात.

खरा दोष सापडला तर ‘चालत नाही’ एवढेच लिहून भागत नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, संगणकाची माहिती, दोष दाखवणारी चार-पाच ओळींची आज्ञावली, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर, एवढे द्यावे. पायथनचे दोष २०२२ पासून गिटहबवर नोंदवले जातात. तेथे इंग्रजीत लिहावे लागते. शिक्षकांनी तेवढी मदत करावी.