सीटमागची पेटी

बँकेत असताना ट्रकच्या कर्जाचे अर्ज मी पुष्कळ पाहिले. त्यांत चासी, टायर, विमा असे. गाण्याचा उल्लेख कधी नसे. परवा खोपोलीत एका सुताराकडे जुन्या, लांब नाकाच्या टाटा ट्रकसाठी स्पीकरची पेटी होताना पाहिली. सीटमागे जागा वीतभर. पत्र्याच्या वळणाचा साचा पुठ्ठ्यावर काढून तो १८ मिलिमीटरचे प्लायवूड कापत होता.

"साहेब, फट राहिली की ठोका गेला," तो म्हणाला. खरेच आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते. दोन्ही लाटा मिसळल्या की खर्ज विरतो. पेटी मागची लाट अडवते.

रात्रभर जागणाऱ्याला गाणे हवेच. त्याची चैन मला खुपत नाही. पण पेटी बोल्टने पक्की आवळलेली हवी, नाहीतर धडकेत तीच पाठीत बसायची. आणि बोरघाट उतरताना ब्रेकची कुरकुर, मागचा हॉर्न कानी पडलाच पाहिजे. आवाजाचे बटण ड्रायव्हरच्या हाताशी असावे. घाट लागला की त्याने ते आपणहून खाली करावे.