वनहक्काचा कागद मिळाला, आता कारभारही द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय वनहक्क समिती, गडचिरोली

विषय : सामूहिक वनहक्कप्राप्त ग्रामसभांच्या मागण्या

महोदय,

गडचिरोलीतल्या गोंड-माडिया गावांना जंगल कोणी बक्षीस दिलेले नाही. त्यांचेच होते, ते काढून घेतले गेले. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. वीस वर्षांनी, १८७८च्या वन कायद्याने सरकारी जंगलात 'राखीव'ची रेघ ओढली आणि सरपण, चराई, मोहफूल हे रोजचे व्यवहार साहेबाच्या मेहेरबानीवर आले. १९२७च्या कायद्याच्या व्याख्येत तर बांबू, मुळात गवत असूनही, झाड ठरला. गंमत अशी, की जमीनदारीतली जंगले या कायद्याच्या पकडीत आली ती १९५१ नंतर, साहेब गेल्यावर! पुढे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू भाडेपट्ट्याने मिळू लागला. गावाला निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरता वापर, उरला, तोही सवलत म्हणून.

२००६च्या वनहक्क कायद्याने हा 'ऐतिहासिक अन्याय' उद्देशिकेतच मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवरचा हक्क मिळवला. तरी बांबूचा वाहतूक परवाना अडकलाच. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. एका पुस्तकासाठी मंत्र्याला यावे लागावे, ही कारभाराची रीत नव्हे.

ग्रामसभांना हिशेब जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी तेंदूच्या हंगामात एकदा पाने जमा होतात त्या फळीवर यावे. सत्तर पानांचा एक पुडा, उन्हात रांगेने वाळत घातलेले पुडे, आणि घराघराच्या नावापुढे चढणारा आकडा. पुडा कमी भरला तर वाद तिथेच मिटतो.

म्हणून मागणी अशी, की प्रत्येक हक्कपत्रासोबत सीमांकित नकाशा द्यावा व त्याची नोंद महसूल आणि वन अशा दोन्ही दप्तरांत घ्यावी. २०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीचाच वाहतूक परवाना ग्राह्य धरावा; नाक्यावर गाडी थांबवून दुसरा शिक्का मागू नये.

रोपवन असो वा कूपतोड, हक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काम सुरू करू नये. वनखात्याची कार्य आयोजना गावाच्या व्यवस्थापन आराखड्याशी जुळवावी. आज उलटे चालते. तयार योजना वरून पाठवून गावाकडून फक्त सह्या घेण्याऐवजी, रोजगार हमीची कामे आणि आदिवासी विकासाचा निधी याच आराखड्याप्रमाणे मिळावा.

समितीच्या पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन इतिवृत्ताची प्रत ग्रामसभांना द्यावी, ही विनंती.

आपले,
सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, गडचिरोली जिल्हा