सायकल घ्यायची तर बिनदांड्याची घ्या

पेरणी आटोपली की शाळा सुरू होतात आणि घरोघरी सायकलीचा विषय निघतो. बजेट पाच-सहा हजार. पोरगा म्हणतो गिअरची पाहिजे, शॉकअप पाहिजे. माझं मत सरळ आहे, या पैशात गिअर आणि शॉकअप दोन्ही घेऊ नका. स्वस्तातला शॉकअप म्हणजे नुसतं वजन, दोन पावसाळ्यात गंजून जाम होतो. गिअरची तार आणि डिरेलर चिखलात बिघडलं तर गावातला पंक्चरवाला हात लावत नाही, तालुक्याला न्यावी लागते.

आता दुसरी गोष्ट, जी गड्यांना पटत नाही. घरात सायकल एकच येणार असेल तर ती बिनदांड्याची घ्या, जिला आपण 'लेडीज' म्हणून हसतो ती. सकाळी पोरगी शाळेला नेईल, दुपारी घरची बाई लुगड्यावर किंवा ड्रेसवर रानात भाकरी घेऊन जाईल, संध्याकाळी तुम्ही डेअरीला दूध घालाल. मागं कॅरिअरला किटल्या अडकवलेल्या असताना मधल्या दांड्यावरून टांग टाकायची कसरत बघितलीय ना? बिनदांड्याच्या सायकलीवर पुढून पाय टाकता येतो, ओझं हलत नाही. दांड्याची काळी सायकल ओझ्याला जास्त भक्कम, हे खरं. रोज ५०-६० किलो न्यायचं असेल तर तीच घ्या. पण तेवढं ओझं किती जणांचं असतं?

घेताना टायर २६ इंची आणि जरा रुंद बघा, अरुंद टायर वाळूत आणि चिखलात रुततो. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी जागा पाहिजे, नाहीतर काळ्या रानातली माती अडकून चाकच फिरत नाही. (आमच्याकडं जूनला मडगार्ड काढून ठेवणारे पण आहेत. मग पाठीवर नक्षी ठरलेली.) चढ जास्त असेल तर मागचं १८ दातांचं फ्रीव्हील बदलून २० किंवा २२ दातांचं बसवून घ्या. वेग थोडा कमी होतो, पण ओझ्यासकट चढ चढता येतो. गिअरच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे.

सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. म्हणजे आधी करासकट ६००० ची सायकल हिशोबानं ५६२५ ला बसते. पक्कं बिल मागा. वाचलेल्या पैशात जाड सळईचं कॅरिअर, डबल स्टँड आणि चांगलं कुलूप येतं.

आणि दुकानातच सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवून बघा. चाक आऊट असेल, हब कोरडा वाजत असेल तर तिथंच तारा ओढून, ग्रीस भरून घ्या. एकदा घरी आणली की दुकानदार ओळख दाखवत नाही.