हातात कंट्रोलर, पडद्यावर तलवार

मुलांच्या हातात कंट्रोलर असतो आणि त्या खेळाबद्दलचं घरातलं बोलणं ‘पुरे कर आता’ इथवरच थांबतं. ते पुढे जावं, म्हणून हा अंक शस्त्रांनी लढायच्या व्हिडिओ गेमवर काढत आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही ‘सोलकॅलिबर’ निवडला. जपानच्या नामको कंपनीचा हा खेळ १९९८ मध्ये आर्केडमध्ये आणि १९९९ मध्ये ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर आला. त्यातल्या मित्सुरुगी या योद्ध्याची कताना तलवार आणि किलिक या दुसऱ्या योद्ध्याची लांब काठी समोरासमोर आली की पहिला प्रश्न अंतराचा. काठी लांबून पोचते, तलवारीला जवळ शिरावं लागतं. उभा वार बाजूला सरकून चुकवता येतो, आडवा वार सरकणाऱ्यालाच गाठतो. रिंगणाबाहेर पडलात की फेरी हरलात. क्षणात करावा लागणारा हा विचार आम्हाला मनापासून आवडतो.

पण मर्यादाही आहेत. इथे शस्त्राचं वजन हाताला जाणवत नाही, हरलेला पुढच्या फेरीत ताजातवाना उभा राहतो. कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकणारं पोर आधी पवित्रे घोटतं. तो घाम बटणांतून येत नाही. स्त्री-पात्रांचे तोकडे पोशाख ही तर उघड खोट आहे.

या अंकातले लेख दोन्ही बाजू मांडतात. खेळणारे, पालक, वस्ताद, सगळ्यांनी लिहावं. त्याआधी एकदा मुलांशेजारी बसून एक डाव जरूर खेळा, आणि काय वाटलं ते आम्हाला कळवा.