मुक्काम पोस्ट आणि फीची पावती

समजा, एक मुलगा नागपूरचा. दहावी नागपुरातच झाली, मग क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला गेला आणि बारावी तिथल्याच एका शाळेतून दिली. आईवडील नागपुरातच आहेत. घरपट्टी तिथे भरतात, मतदान तिथे करतात. निकाल लागला की हा मुलगा एकदम तीन ठिकाणचा होतो. राज्याच्या इंजिनीअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, डोमिसाइलच्या जोरावर तो ‘टाइप बी’, म्हणजे महाराष्ट्राचा उमेदवार. एनआयटीच्या प्रवेशात ‘होम स्टेट’ ठरते ते बारावी कुठून केली त्यावरून. त्यामुळे गावातल्याच व्हीएनआयटीत तो परराज्यातला आणि जयपूरच्या एमएनआयटीत घरचा. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी मात्र डोमिसाइल तर हवेच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. तिथे तो दारातच अडतो.

एनआयटीत फी घरच्याला आणि बाहेरच्याला सारखीच, म्हणून तिथला फरक जागेपुरता. वैद्यकीयला हा फरक थेट पावतीवर उतरतो. राज्याच्या ८५ टक्के जागांतून बाद झालेल्याला उरतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. तिथे गुण कमी पडले की खासगी महाविद्यालयाचा संस्था कोटा, नाहीतर अभिमत विद्यापीठ, जिथे बऱ्याच ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे. बारावीच्या शाळेचा पत्ता एवढा महाग पडेल, हे सोळाव्या वर्षी कोट्याची गाडी पकडताना कोण सांगतो?

स्थानिकांना सवलत देणे यात गैर काही नाही. हा वाद देशात जुना आहे आणि त्याचा पहिला मोठा निकाल इंदूरचा. १९५२ साली दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हाच्या मध्य भारत राज्याचा नियम असा, की राज्यातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ; बाहेरच्यांनी नेहमीच्या फीवर वर्षाला १,५०० रुपये आणखी भरायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९५५ मध्ये घटनापीठाने बहुमताने राज्याच्या बाजूने कौल दिला. घटनेने जन्मस्थानावरून भेद करायला मनाई केली आहे, निवासावरून नाही, आणि आपल्या पैशाने चाललेल्या महाविद्यालयात राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप दिले तर ते समजण्यासारखे आहे, असा त्याचा आशय.

त्या निकालातली खरी वाचण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘रहिवासी’ची व्याख्या. मूळचे मध्य भारताचे असलेले त्यात होतेच. पाच वर्षे राहून स्थायिक झालेलेही होते आणि ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन तिथेच राहू इच्छिणारे निर्वासितसुद्धा. म्हणजे माणूस कुठे रुजला आहे, हे तो नियम शोधत होता. बारावीची गुणपत्रिका कुठल्या मंडळाची, हे त्याने विचारले नव्हते.

महाराष्ट्रालाही हे जमते. इंजिनीअरिंगच्या नियमांत ‘टाइप ई’ आहे : महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेला, मातृभाषा मराठी असलेला उमेदवार. बेळगाव, निपाणीकडचा मुलगा कागदोपत्री कर्नाटकात राहूनही इथे आपला ठरतो, आणि ते योग्यच आहे. सीमेपलीकडच्या मुलासाठी एवढी लवचिकता दाखवणारे राज्य नागपूरच्या मुलासाठी वैद्यकीय प्रवेशात ताठ का होते, याचे उत्तर नियमावलीत सापडत नाही.

निवासाचे दुसरे टोक परदेशात आहे. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मुभा दिली. त्या जागा खऱ्याखुऱ्या अनिवासींनाच मिळाव्यात आणि त्यातून येणारा जादा पैसा दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांच्या कामी यावा, अशा अटीही घातल्या. पुढे काय झाले? २०२४ मध्ये पंजाब सरकारने या कोट्यात काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडे अशी सगळी वंशावळच आणली. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या प्रकाराला फसवणूक म्हटले. पैसा मोजणाऱ्यासाठी निवासाची व्याख्या कॅनडातल्या आत्यापर्यंत ताणली जाते. कमी फी मागणाऱ्यासाठी ती शाळेच्या फाटकाशी संपते.

फी निवासावर ठरते तशी ती प्रवेश कुठल्या दाराने झाला यावरही ठरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. चांगला निर्णय. अट अशी, की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळले. व्यवस्थापन कोट्यातल्या जादा फीचा भार सरकारने उचलू नये, हे पटते. पण कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागेवर संस्था स्तरावर आलेली मुलगी त्याच वर्गात बसते, तिच्या वडिलांचे उत्पन्नही तेवढेच असते. तिला निदान कॅपच्या दराइतकी माफी द्यायला हरकत कसली?

अमेरिकेत सरकारी विद्यापीठांची फी राज्यातल्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरी असते, हे तिथल्या मराठी घरांना चांगलेच ठाऊक आहे. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकड्यांत ती सरासरी सुमारे ११,६०० आणि ३०,८०० डॉलर होती. पण १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकटचा एक नियम मोडीत काढला. अर्ज करताना पत्ता बाहेरचा असला की शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी बाहेरचाच, असा तो होता. बाहेरच्यांना जादा फी लावायला न्यायालयाची हरकत नव्हती. आपण इथेच राहतो हे सिद्ध करायची संधीच न देणे, हे त्याला मान्य नव्हते.

वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राने नेमकी हीच संधी द्यावी. बारावीची अट काढली तर दोन-दोन राज्यांचे डोमिसाइल घेऊन फिरणारे घुसतील, ही भीती खोटी नाही. तिला उपाय कडक पडताळणीचा आहे : दहावी इथली, पालकांचे पंधरा वर्षांचे वास्तव्य, आणि दुसऱ्या राज्याच्या कोट्यात अर्ज केलेला नाही याची शहानिशा. सरकारी नोकरांच्या बदल्यांचा विचार करून त्यांच्या मुलांना नियमांत सवलती आहेतच. सीईटी सेलने पुढच्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत तशीच एक वाट इतर पालकांसाठी उघडावी.