ट्रकभर चहा

या आठवड्यात शेजारची बारावीतली पोर उष्मागतिकीची वही घेऊन आली. सिलिंडर, दट्ट्या, आदर्श वायू. अडली होती बिचारी. मी म्हटलं, पुस्तक मिट, सूरजागडच्या डोंगरावरून उतरणारा ट्रक घे. एक टन लोहखनिज संथ, एकसारख्या वेगानं शंभर मीटर खाली आणलं, की सुमारे ९.८ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते, बरीचशी ब्रेकमध्ये. तेवढ्यात २२ अंशांचं तीन लिटर पाणी उकळीला येतं! गडचिरोलीच्या पोरांना गणितं गडचिरोलीच्याच डोंगरांची द्यायला हवीत, यावर मी ठाम आहे. तिनं आकडेमोड दोनदा तपासली आणि हसली, ‘काका, तीस टनांत अख्ख्या लग्नघराचा चहा!’ पुढचं गणित तिनं स्वतःच रचलं, तापलेल्या टायरमधल्या हवेचं.